हिमउतारावर जाण्यापूर्वी

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास काश्मीरमधील गुलमर्ग, गढवालमधील औली आणि मनालीजवळील सोलंग नाला येथे देशाच्या सर्व भागांतून तरुण मंडळी स्कीइंग शिकण्यासाठी जातात. समुद्रकाठच्या उष्ण हवेत वाढलेल्या आणि हिमाचा स्पर्श प्रथमच अनुभवणाऱ्या युवक-युवतींचाही त्यांत मोठा भरणा असतो. पहिल्या दिवशी उत्साहाला सीमा नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. मांड्या ठणकत असतात आणि गुडघा वाकविणे नकोसे होते. तरीही वर्गाचे शुल्क भरलेले असते, रजा मोजकी असते आणि शुभ्र उतार समोर खुणावीत असतो. म्हणून तीच थकलेली मांडी पुन्हा स्कीवर उभी राहते. हौशी माणसाच्या स्कीइंगमधील धोक्याचा विचार येथूनच सुरू करावा लागतो.

हा धोका किती आहे, तो शरीराच्या कोणत्या भागाला आहे, आणि त्यांपैकी किती भाग व्यायामाने, किती साधनांनी व किती केवळ जाणतेपणाने टाळता येतो, ह्या प्रश्नांचा शास्त्रज्ञांनी गेली अनेक दशके चिकाटीने अभ्यास केला आहे. त्या अभ्यासाचे सार हौशी शिकाऊ माणसाला ठाऊक असणे अत्यंत अगत्याचे आहे. कारण दुखावलेला गुडघा ही सहलीची आठवण म्हणून घरी आणण्याची वस्तू नव्हे.

प्रवासाच्या साधनापासून खेळापर्यंत

लाकडी पट्ट्या पायांना बांधून बर्फावरून चालण्याची कला उत्तर युरोपात सहस्रावधी वर्षांपासून चालत आलेली आहे. तेथील शेतकरी, शिकारी व सैनिक यांचे ते हिवाळ्यातील वाहनच होते. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील सोंद्रे नोर्हेम (१८२५-१८९७) याने टाचेभोवतीही बंध घेण्याची युक्ती रूढ केली. त्यामुळे पट्टीवर पायाचा ताबा आला आणि वळणे घेणे व उडी मारणे सुलभ झाले. पुढे आल्प्स पर्वताच्या तीव्र उतारांसाठी ऑस्ट्रियातील मातियास झ्दार्स्की याने निराळे तंत्र बसविले आणि १८९० नंतरच्या दशकात त्यावर पुस्तकही लिहिले. १९२४ साली ह्या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. भारतात गुलमर्ग येथे ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये स्की क्लबाची स्थापना झाली. पुढे १९६४ च्या इन्सब्रुक येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये जेरेमी बुयाकोव्स्की यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आणि २०२२ च्या बीजिंग येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये काश्मीरचा आरिफ खान उतरला.

पट्टीवर पायाचा ताबा आला खरा. परंतु त्याची किंमतही द्यावी लागली. पाय पट्टीला घट्ट जखडलेला असेल आणि पट्टी बर्फात अडकून फिरली, तर तिच्याबरोबर पायही फिरतो. दीड मीटर लांबीची पट्टी ही एक उत्तम तरफ आहे. नडगीचे हाड पिळवटून मोडण्यास अशी तरफ पुरेशी होते.

हाड वाचले

नॉर्वेत जन्मलेला व अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात स्थायिक झालेला याल्मार हवाम हा नामांकित स्कीपटू १९३७ मध्ये पाय मोडून रुग्णालयात पडला. ठरावीक मर्यादेपलीकडे जोर आल्यास बूट आपोआप मोकळा करणाऱ्या बंधाची कल्पना त्याला तेथेच सुचली, असे तो सांगत असे. ह्या बंधाचे एकस्व त्याने १९३९ मध्ये मिळविले. आज 'बाइंडिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्व सुरक्षित बंधांमागे हेच तत्त्व आहे: माणसाचे हाड मोडण्यापूर्वी यंत्राने हार मानावी.

ही हार नेमकी केव्हा मानावयाची हे ठरविणे सोपे नसते. बंध फार सैल असला, तर साध्या वळणावर बूट सुटून माणूस कोसळतो. फार घट्ट असला, तर हाड मोडले तरी तो सुटत नाही. म्हणून बंधावर एक अंक जुळवावा लागतो. हा अंक स्कीपटूचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि त्याची स्कीइंगची पद्धत ह्या पाच गोष्टींवरून, आंतरराष्ट्रीय मानकाने ठरविलेल्या कोष्टकातून काढतात. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी तो एक पायरी खाली आणला जातो. भाड्याने घेतलेल्या साधनांवर आदल्या दिवशीच्या एखाद्या धिप्पाड माणसाचा अंक तसाच राहिलेला असणे अशक्य नाही. शिकाऊ माणसाने स्वतःचे वजन व उंची खरी सांगून तो अंक आपल्या समक्ष जुळवून घेणे, आणि आपण नवशिके असून तज्ज्ञ असल्याचे न भासविणे, हे सुरक्षिततेचे पहिले पाऊल होय. येथे मिरविलेली प्रौढी सरळ हाडावर बेतते.

ह्या सुधारणांचे फळ काय मिळाले, हे मोजण्याचे काम अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १९७२ साली सुरू झाले. अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट जॉन्सन, अभियंता कार्ल एटलिंगर आणि मानव व यंत्र यांच्या संबंधांचे अभ्यासक जॅस्पर शीली या तिघांनी एकाच स्कीकेंद्रातील दुखापतींची नोंद वर्षानुवर्षे ठेविली. जखमींच्या जोडीला धडधाकट स्कीपटूंचीही साधने त्यांनी तपासली. कारण तुलनेवाचून कारण सापडत नाही. त्यांच्या नोंदींत पुढील दोन-तीन दशकांत एकंदर दुखापतींचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले आणि नडगीच्या हाडाचे मोडणे तर फारच विरळा झाले.

आज पाश्चात्त्य देशांतील स्कीकेंद्रांत दर हजार स्कीदिनांमागे सुमारे दोन ते तीन दुखापती होतात. एका व्यक्तीने उतारावर घालविलेला एक दिवस म्हणजे एक स्कीदिन. शंभर विद्यार्थ्यांचा सहा दिवसांचा वर्ग घेतला, तर सहाशे स्कीदिन होतात. म्हणजे सरासरीने त्या वर्गात एक-दोघे जखमी होतील, असा हिशेब निघतो. नवशिक्यांच्या बाबतीत हे प्रमाण सरासरीहून अधिक असते, हेही लक्षात ठेवावयास हवे. हा आकडा भयभीत होण्याजोगा नाही आणि दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

गुडघा मागे राहिला

परंतु त्याच नोंदींत एक विलक्षण गोष्ट आढळून आली. नडगी वाचत असताना गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण १९७० नंतर वाढत गेले. आज स्कीइंगमधील सर्व दुखापतींपैकी सुमारे एक तृतीयांश दुखापती गुडघ्याच्या असतात. त्यांतील सर्वांत गंभीर म्हणजे पुढच्या स्वस्तिक-अस्थिबंधाचे तुटणे होय.

मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना जोडणारे दोन बंध गुडघ्याच्या मध्यभागी फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले असतात. त्यांपैकी पुढचा बंध सुमारे तीन सेंटिमीटर लांब असून नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये व नको तितके पिळवटू नये, हे त्याचे काम आहे. तो तुटला म्हणजे बहुधा आपोआप सांधत नाही. गुडघा अधूनमधून निसटल्यासारखा होतो. पुष्कळांना दुसऱ्या ठिकाणची कंडरा काढून नवा बंध बसविण्याची शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्यानंतर खेळाकडे परत येण्यास नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. हौशी स्कीपटूंमध्ये स्त्रियांना ही इजा पुरुषांच्या मानाने दुप्पट-तिप्पट प्रमाणात होते, असे अनेक देशांत दिसून आले आहे.

बंध सुटणारा असूनही हे का घडते? ह्याचे उत्तर एटलिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातांच्या चित्रफिती पुनःपुन्हा पाहून शोधून काढले. माणसाचे पाऊल टाचेपासून पुढे लांब असते. मागे त्याची लांबी जवळजवळ नसते. स्कीवर उभ्या असलेल्या माणसाच्या टाचेमागे मात्र अर्ध्या मीटरइतकी पट्टी असते. ती उलट दिशेस तोंड असलेल्या दुसऱ्या पावलासारखी वागते; म्हणून ह्या संशोधकांनी तिला 'भुताचे पाऊल' अशा अर्थाचे नाव दिले. स्कीपटूचा तोल मागे जातो, नितंब गुडघ्यांच्या खाली येतात, उताराकडच्या स्कीच्या मागील टोकाची आतली कड बर्फात रुतते आणि सर्व भार तिच्यावर येतो. वरच्या बाजूची स्की हलकी होऊन उचलली जाते व धड खालच्या स्कीकडे वळलेले असते. अशा अवस्थेत ते मागील टोक वाकलेल्या गुडघ्याला आतल्या बाजूस पिळते. ह्या वेळी बुटाच्या बंधाला जाणवणारा जोर नडगीसाठी ठरविलेल्या मर्यादेच्या आतच असतो. त्यामुळे यंत्र स्वस्थ राहते आणि अस्थिबंध तुटतो.

दुर्दैवाची गोष्ट अशी की, ह्या क्षणी माणूस जे स्वाभाविकपणे करतो तेच त्याला घातक ठरते. पडू नये म्हणून तो धडपडत उठू पाहतो. किंवा घसरत असतानाच पाय ताठ करतो. किंवा मागे हात टेकून बसू पाहतो. संशोधकांनी स्कीकेंद्रांतील प्रशिक्षकांना व बचाव पथकांतील लोकांना ह्या चित्रफिती दाखवून सोपे नियम शिकविले. हात पुढे व स्कींच्या वर ठेवावेत. पाय जवळ घ्यावेत. पडणे अटळ असेल तर पडणे पत्करावे. घसरणे पूर्ण थांबेपर्यंत उठण्याचा प्रयत्न करू नये. पाय ताठ करू नयेत. आणि उतरावे कसे हे ठाऊक नसेल तर उडी मारू नये. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, हे शिक्षण घेतलेल्या गटात गुडघ्याच्या गंभीर इजा ६२ टक्क्यांनी घटल्या. एक पैचेही नवे यंत्र न लावता हा पालट झाला. पडण्याचीही एक विद्या असते, हे कुस्तीच्या आखाड्यातील प्रत्येक वस्ताद जाणतो. हिमउतारावर तिचे मोल अधिकच आहे.

मांडीचे उलटे श्रम

आता शारीरिक क्षमतेचा प्रश्न पाहू जाता प्रथम हे ध्यानी घ्यावे लागते की, स्कीइंगमध्ये स्नायूंना करावे लागणारे काम नेहमीच्या कामाहून निराळे असते. जिना चढताना मांडीच्या पुढील बाजूचा चतुःशिरस्क स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताण धरून ठेवीत हळूहळू लांबत जातो आणि शरीराला आवर घालतो. स्कीइंगच्या प्रत्येक वळणात मुख्यत्वे हेच दुसऱ्या प्रकारचे, आवर घालण्याचे काम करावे लागते. राजगड किंवा तोरणा उतरून आलेल्या माणसाला ह्याचा अनुभव असतो: चढताना दम लागतो, पण मांड्या लटपटतात त्या उतरताना, आणि खरा ठणका लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. अशा श्रमांत स्नायूंच्या सूक्ष्म तंतूंना किंचित इजा होते. वेदना चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी शिगेस पोहोचते आणि त्या काळात स्नायूंची शक्तीही उणावलेली असते.

ह्यातच एक आशादायक गोष्टही आहे. असे श्रम एकदा सौम्य प्रमाणात केले असता त्याच स्नायूला पुढील काही आठवडे पुन्हा तशी इजा सहसा होत नाही. म्हणजे ठणका घरी सोसला तर तो उतारावर सोसावा लागत नाही. अडखळणारा शिकाऊ माणूस पहिल्या दोन दिवसांत जो गमावून बसतो, तो नेम व तो आवर, तयारी केलेल्या माणसापाशी शिल्लक राहतो.

येथे प्रामाणिकपणे एक मर्यादा सांगावयास हवी. बलवान मांडी असली की गुडघा सुरक्षित झाला, असे नाही. शर्यतीतील स्कीपटूंइतक्या भक्कम मांड्या क्वचितच कोणाच्या असतील. तरीही त्यांच्या गुडघ्यांचे अस्थिबंध तुटतात. बंध तुटण्याची क्रिया एका क्षणाच्या अंशात पुरी होते. स्नायूला इशारा मिळून तो आवळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. शिवाय गुडघा जवळजवळ सरळ असताना पुढील स्नायू एकाएकी जोराने ओढला गेला, तर तो नडगीला पुढेच खेचतो आणि बंधावरील ताण वाढवितो. मागील बाजूचे स्नायू मात्र नडगीला मागे ओढून त्या बंधाचे साहाय्य करतात. म्हणून केवळ पुढील मांडी फुगविणारा व्यायाम अपुरा होय. व्यायामाचा खरा लाभ असा की, थकवा लांबणीवर पडतो, तोल मागे जाण्याचे प्रसंग कमी येतात आणि शिकविलेले तंत्र दिवसअखेरपर्यंत शरीरात टिकून राहते. व्यायाम हा जाणतेपणाला पर्याय नाही. तो त्याचा पाया आहे.

विरळ हवा आणि थंडी

गुलमर्गचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंच आहे. तेथील हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाहून पाव हिश्श्यापेक्षा थोडा अधिक कमी असतो. केबल गाडीचा दुसरा टप्पा अफरवटच्या उतारावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेऊन पोहोचवितो. तेथे दाब जवळजवळ दोन पंचमांशांनी उणा होतो. दाब घटला की प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. पंधराशे मीटरच्या वर दर हजार मीटर चढाईमागे शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे एक दशांशाने कमी होते. समुद्रकाठच्या मनुष्याने विमानाने सकाळी श्रीनगर गाठून दुपारीच उंच उतारावर उभे राहणे हे शहाणपणाचे नव्हे. पहिला दिवस सावकाश चालण्यासाठी, भरपूर पाणी पिण्यासाठी आणि पुरेशा झोपेसाठी राखून ठेवावा. डोकेदुखी, मळमळ व अस्वस्थता वाटू लागल्यास अधिक उंच जाऊ नये. ती वाढल्यास खाली उतरावे.

वयाने प्रौढ असलेल्या पुरुषांच्या बाबतीत हृदयाचाही विचार करावा लागतो. ऑस्ट्रियाच्या आल्प्समध्ये उतारावर हृदयविकाराने आकस्मिक मृत्यू आलेल्यांचा अभ्यास झाला आहे. त्यांत पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, रक्तदाबाचे रोगी आणि एरवी व्यायाम न करणारे यांचे प्रमाण मोठे होते. आणि अशा घटना सहलीच्या पहिल्या दिवशी विशेष घडल्या होत्या. अशा व्यक्तींनी निघण्यापूर्वी वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

मांडीच्या स्नायूंत साठविलेले ग्लायकोजेन हे त्यांचे मुख्य इंधन होय. दिवसभराच्या स्कीइंगमध्ये ह्या साठ्यातील बराच भाग खर्ची पडतो आणि तो एका रात्रीत नेहमीच पूर्ववत भरून येत नाही. म्हणून भात, पोळी, बटाटा अशा पिष्टमय पदार्थांची रात्रीच्या व सकाळच्या जेवणात कमतरता नसावी. सलग तीन दिवसांनंतर अर्धा दिवस विसावा घेणे म्हणजे आळस नव्हे. मद्याने अंगात ऊब आल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्वचेतून उष्णता अधिक वेगाने निघून जाते आणि तोलही ढळतो.

सहा आठवड्यांची तयारी

ह्या तयारीसाठी खर्चिक साधनांची आवश्यकता नाही. निघण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-पाऊण तास पुरेसा आहे. आपल्या तालमींत पिढ्यानुपिढ्या चालत आलेल्या बैठका येथे फार उपयोगी पडतात. मात्र त्या घाईने मोजण्याऐवजी खाली जाताना तीन-चार आकडे मोजीत संथपणे घालाव्यात आणि गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नयेत. भिंतीला पाठ टेकून अदृश्य खुर्चीवर बसल्याप्रमाणे अर्धे मिनिट स्थिर राहावे व हळूहळू हा काळ वाढवावा. जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसरी टाच सावकाश जमिनीला टेकवावी व पुन्हा वर यावे. उताणे निजून, पाय दुमडून कंबर वर उचलण्याने मांडीच्या मागील बाजूचे स्नायू बळावतात. एका पायावर डोळे मिटून उभे राहण्याने तोल सुधारतो. दम टिकावा म्हणून भरभर चालणे, धावणे किंवा सायकल चालविणे असावे. आणि शक्य असेल तेथे सुटीच्या दिवशी एखादा गड चढावा व विशेषतः सावकाश उतरावा.

पूर्वी गुडघा दुखावलेला असेल, वा व्यायाम करताना तो सुजत असेल, तर बैठका थांबवून तज्ज्ञास दाखविणे हेच योग्य.

उतारावरील शहाणपण

शिरस्त्राण अवश्य वापरावे. त्याने डोक्याच्या इजांचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो, असे अनेक पाहण्यांच्या एकत्रित विचारातून दिसले आहे. मात्र शिरस्त्राण घातले म्हणून वेग वाढवू नये. काठीचा पट्टा मनगटात अडकवून पडल्यास अंगठ्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध दुखावतो. पडताना काठी सोडून देता आली पाहिजे. हिमावरून परावर्तित होणारी सूर्यकिरणे डोळ्यांना इजा करतात. म्हणून काळा चष्मा हा अलंकार न समजता साधन समजावे. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९६७ मध्ये स्कीपटूंच्या वर्तनाचे नियम घालून दिले. त्यांचे सार एवढेच की, वेग आपल्या आटोक्यात असावा, आणि पुढे खाली असलेल्या माणसाला सांभाळण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची असावी.

सर्वांत अवघड नियम मात्र कोणत्याही कोष्टकात बसत नाही. दिवस कलतो, हिम कडक होऊ लागते, मांडी थरथरते आणि सोबती म्हणतात, 'आणखी एकच फेरी!' त्या वेळी केबल गाडीत बसून खाली येणे ह्याला पराभव म्हणण्याचे कारण नाही. यंत्राने नडगीसाठी जे केले, म्हणजे मर्यादा ओलांडण्यापूर्वीच सोडून देणे, तेच गुडघ्यासाठी माणसाच्या बुद्धीला करावे लागते. ज्याला वेळेवर थांबता येते, त्याच्यासाठी तो उतार पुढल्या हिवाळ्यातही तसाच शुभ्र राहणार आहे.